कोळपवलेली वाकळ

कोळपवणं हा शब्द मला आईनं शिकवला, आणि शिकवला तो हातात काठी देऊन. काठीच्या टोकाला ओलं फडकं बांधलेलं असायचं. परसात शेणींच्या आगीत मोठं मातीचं गाडगं ठेवलेलं, त्याचं तोंड चिखलानं लिंपलेलं, आणि वर करंगळी जाईल एवढंच एक भोक. त्या भोकातून धूर येऊ द्यायचा, ज्वाळ येऊ द्यायची नाही. ज्वाळ दिसली की फडकं दाबायचं. "ज्वाळ आली तर ह्योच दांडा तुझ्या पाठीत," असं आई म्हणाली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन, आणि ती चेष्टा करत नव्हती. त्या दिवशी दोनदा ज्वाळ आली. दोन्ही वेळचा दांडा मला अजून आठवतो. त्यानंतर माझ्या हातून कधी ज्वाळ आली नाही.

भाकरी करपते, लाकूड जळतं, उन्हानं कोवळं रोप कोळपतं, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या हुपरीतल्या घरात कोळपवायचं म्हणजे वेगळं. आमच्याकडं चांदीचे पैंजण व्हायचे. कानशीनं घासताना चांदीचा कीस उडतो, तो बसायच्या पोत्यात जातो, अंगावरच्या लुगड्यात जातो, केरसुणीत अडकतो. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी, हे सगळं गाडग्यात कोंबायचं आणि आतल्या आत त्याचा कोळसा करायचा. उघड्यावर जाळलं तर राख उडते आणि राखेबरोबर चांदी उडते. कोळसा जागचा हलत नाही. मग तो कुटायचा, परातीत पाण्यानं खळखळून धुवायचा, तळाला बसलेली चांदी वितळवून घ्यायची. एवढ्या सगळ्या खटाटोपाला आमच्या घरात एकच शब्द होता. आता गावात सगळं मशीनवर होतं, आमच्या भावकीतल्या पोरांना हा शब्द माहीत नाही, आणि त्यात त्यांचं काही बिघडलेलं नाही.

घर म्हणजे एकामागं एक तीन खोल्या. पुढच्या खोलीला आम्ही कारखाना म्हणायचो. होती ती दहा बाय बाराची खोली, पण तिचा रुबाब साखर कारखान्याहून मोठा. आबा भट्टीपाशी, दादा तार ओढायला, आई घुंगरं निवडायला, आणि मी खिडकीशी, झाळायला. झाळणं म्हणजे कडीला कडी जोडून तोंडातल्या फुंकणीनं दिव्याची ज्योत बरोबर जोडावर मारायची, टाकणखार फुलायचा, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत डाग, म्हणजे जोडाचा धातू, वितळून फटीत पळायचा. जरा जास्त फुंकलं तर अख्खी कडी वितळून गोळा. ते काम मला पंधराव्या वर्षी आलं, आणि त्या खिडकीच्या जागेचा मला कोण अभिमान. सकाळी हुलग्याचं माडगं पिऊन बसायचं ते भाकरीची हाक येईपर्यंत. कानशींची खरखर, परातीत ओतलेल्या घुंगरांचा आवाज, मधूनच आबांचं खाकरणं. आमच्या घरात गप्पा फारशा होत नसत, कारण माझ्या तोंडात फुंकणी असायची आणि बाकीच्यांना बोलायला सुचायचं नाही.

आईचे नेम कडक. कारखान्यातून उठलं की हात तिथल्याच बादलीत धुवायचे, चूळसुद्धा तिथंच, कारण त्या बादलीचा गाळ ठेवायचा असे. केस विंचरायचे ते कागद अंथरून. कामाचं लुगडं अंगावर घेऊन उंबरा ओलांडायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नेम हा, की कारखान्यात जे अंगाखाली आलं ते कारखान्याचं झालं. बसायला प्रत्येकाला एक किंतान, म्हणजे तागाचं पोतं, मिळायचं. ते दसऱ्याला गाडग्यात जायचं, नवं मिळायचं. म्हणून घरातली सतरंजी, गोधडी, उशी कुणी कारखान्यात आणत नसे. हे आम्हाला कुणी सांगावं लागत नव्हतं. चुलीत हात घालायचा नाही हे जसं कळतं, तसं ते कळायचं. आई स्वतःलाही सोडत नव्हती. तिचं कामाचं लुगडंही दरवर्षी कोळपायचं. लोकांना वाटतं, दुष्ट माणूस दुसऱ्यापुरताच दुष्ट असतो, पण माझ्या आईचं तसं नव्हतं.

दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली. निपाणीच्या पलीकडच्या एका खेड्यातली. आई लहानपणीच गेलेली, बाप त्याच्या आधीच, चुलत्यानं वाढवलेली. लग्नात तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी आली आणि एक वाकळ. ती तिला कौदी म्हणायची. तिच्या आईनं स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली होती. हिरवं इरकली, त्याच्या शेजारी कसलंतरी जांभळं, कडेनं लाल पट्टी, आणि वर बोटभर अंतरावर धावदोऱ्याच्या सरळ ओळी. धुवून धुवून मऊ झालेली. आईच्या अंगाचा वास येतो म्हणायची. मी एकदा नाक लावून बघितलं, मला साबणाचा आला. वहिनी माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तरी मला ती वन्सं म्हणायची, तुमी म्हणायची, आणि मी तिला अगं-तुगं. तशीच रीत होती.

महिनाभरात आबांनी तिला गंमत म्हणून फुंकणी दिली. तिनं पहिल्याच दिवशी सहा कड्या जोडल्या आणि एकही बिघडवली नाही. आबांनी त्या उजेडात धरून बघितल्या. जोड दिसत नव्हता. "हिच्या हातात झाळ बसतीया," आबा म्हणाले. "शालन, ऊठ, तू घुंगरं ओव." संपलं. तीन वर्षांची माझी जागा एका वाक्यात गेली. मी उठले, आईशेजारी जाऊन बसले, घुंगरं ओवायला लागले. ओवायचं काम अंधाऱ्या कोपऱ्यात आणि कुणालाही येणारं. वहिनी म्हणाली, "मामंजी, वन्संच बसू द्यात की हितं, मी वाटंल ते करतो." आमच्याकडं बायका आलो-गेलो, करतो-बसतो असंच बोलतात, शाळेतल्या बाईंनी कितीही छड्या मारल्या तरी. तिनं ते मनापासून म्हटलं होतं. त्याचाच मला जास्त राग आला.

पावसाळा लागला तशी कारखान्याची जमीन ओल धरायला लागली. वहिनी किंतानावर सारखी चुळबुळायची, कंबर धरून बसायची. एके दिवशी मला म्हणाली, "वन्सं, खाली लई गार लागतंय." मी म्हणाले, "मग आण की तुझी वाकळ. घे खाली." आई तेव्हा बाजारात गेली होती. वहिनीनं विचारलं, "आत्याबाई काय म्हणणार न्हाईत न्हवं?" मी म्हणाले, "काय म्हणायचंय त्यात?"

हे मी नकळत बोलले असं लिहायचा मोह फार झाला. सतरा-अठरा वर्षांची पोर, तिला कसली अक्कल, असं वाचणाराही म्हणेल. पण मला नेम माहीत होता. दसऱ्याला काय होणार तेही माहीत होतं. बाजारातून आल्यावर आईनं वाकळ बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि पिशवी घेऊन आत गेली. तिला वाटलं असेल, सुनेनं स्वतःहून आणली आहे तर आणू दे. त्या दसऱ्याला वाकळ वाचली ती तेवढ्याचसाठी, की अजून फारशी वापरलेली नव्हती. "पुढल्या साली बघू," आई पुटपुटली. ते वहिनीला ऐकू गेलं नाही. मला गेलं.

ह्या शब्दाचं मूळ मला कळलं ते त्याच दिवसांत. गाडगं परसात धुमसत होतं, मी काठी घेऊन बसले होते, वहिनी भाकरीचा तुकडा घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. "ह्येला तुमी काय म्हणता?" मी सांगितलं, कोळपवणं. ती हसली. "आमच्यात जळत्या लाकडाला कोळ्ळी म्हणत्यात. कोळ्ळी, कोळसा, कोळपणं. एकाच घरची पोरं दिसत्यात." मग तुकडा चावता चावता म्हणाली, "कोळ्ळी इडू म्हंजे सरणाला आग लावायची. माझ्या आईला चुलत्यानं कोळ्ळी दिली. मला लांबनं दाखिवलं." असं म्हणून तिनं तुकडा संपवला आणि हात झटकले. आईला घरात कानडी बोललेलं खपत नव्हतं, म्हणून ती हे हळू बोलली.

पुढं माझं लग्न जयसिंगपूरला झालं. नवरा शाळेत क्लार्क होता, शाळेच्या कपाटात जाडजूड शब्दकोश होते, आणि दुपारचा मला वेळच वेळ. मी हा शब्द शोधून काढला. कोळसा, कोळपणं, कोलीत हे सगळे जवळजवळच्या पानांवर. मुळाबद्दल एकजण संस्कृताकडं जातो, दुसरा कानडी-तमिळाकडं बोट दाखवतो. पंडितांचं एकमत व्हायचं तेव्हा होवो, मला वहिनीचं पटलं होतं. नवऱ्यानं विचारलं, हाच शब्द का? मी सांगितलं नाही. त्यालाच काय, कुणालाच सांगितलं नाही.

आता वाकळीचं. वहिनी साधी होती, पण बावळट नव्हती. नेम कळला नव्हता तरी चांदी कुणाची हे तिला बरोबर कळत होतं. रोज संध्याकाळी सगळे उठून आत गेले की ती मागं राहायची. मोठी परात घ्यायची, तिच्यावर वाकळ धरायची, आणि चारी कोपरे फिरवून झाडायची. मग पालथी घालून तळव्यानं थोपटायची. मग केसांचा मऊ ब्रश घेऊन धावदोऱ्याची एकेक ओळ घासायची, कारण कीस बसतो तो टाक्यात. परातीत जमलेलं सगळं कागदावर घेऊन कारखान्याच्या डब्यात टाकायची. कधी कधी बोट ओलं करून परातीतला शेवटचा कण टिपायची आणि तोही डब्यात. पाव तास जायचा त्यात. मी दाराची कडी लावायला यायचे तेव्हा दारातून बघायचे. एकदा-दोनदा नाही, रोज. दोन पावसाळे मी ते बघितलं. "वैनी, चल की, जेवायला थांबल्यात," एवढंच म्हणायचे.

दुसऱ्या वर्षी वहिनीला दिवस गेले. सातवा लागला तेव्हा भादवा सरत आला होता. तिनं मला सांगून ठेवलं होतं, की ह्या महिन्यात ती वाकळ धुणार, उन्हात घालणार आणि पेटीत ठेवणार. बाळंतपण चुलत्याकडं होतं, तिथं पोराला पहिल्यांदा त्या वाकळीवर निजवायचं. "आईच्या मांडीवर निजवल्यागत हुईल," म्हणाली. माहेरी दुपटं शिवायला दुसरं कुणी नव्हतं. चुलती असली तरी चुलती ती चुलती. वहिनीचं सगळं माहेर म्हणजे ती वाकळ, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आईलासुद्धा.

वाकळ धुवायच्या आधीच गाडग्याचा दिवस आला. सकाळची वेळ, सगळे कारखान्यात. आई गोळा करत निघाली. किंतानं घेतली, माझा कामाचा परकर घेतला, स्वतःचं लुगडं, आबांचं मांडीवर घ्यायचं धोतर, केरसुणी, सगळं एका पाटीत. आणि खिडकीशी येऊन वाकळीचं टोक धरलं.

"आत्याबाई, ही कारखान्याची न्हवं," वहिनी म्हणाली. "माझी हाय."

"कारखान्यात बसलीस न्हवं हिच्यावर?"

"बसलो. पन रोज झाडलीया. चिमूटभर कीससुदीक न्हाय ऱ्हायला हिच्यात. सगळा डब्यात घातलाय मी."

"कुणी बघितलंय?" आईनं विचारलं.

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी कोपऱ्यात एक कडी कानशीनं घासत होते. कानस थांबवली असती तर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं असतं, म्हणून मी थांबवली नाही. ती कडी घासायची गरजसुद्धा नव्हती, ती आधीच घासून झाली होती. वहिनी माझ्याकडं किती वेळ बघत होती सांगता येत नाही, कारण मी मान वर केली नाही. एक वाक्य बोलायचं होतं. "व्हय, मी बघितलंय." तीन शब्द. आईला माझा शब्द पटला असता, कारण मी तिची लाडकी नसले तरी तिच्या घरातली होते.

दादा म्हणाला, "आई, ऱ्हाऊ दे की एक वाकळ."

"तर तर. बायकू बसवतोस व्हय गादीवर? मग मी जातो हिच्या चुलत्याकडं, हिला ठेव राणी करून."

दादानं आबांकडं बघितलं. आबा भट्टीतनं मान न काढता म्हणाले, "माझं धोतर जात न्हाय व्हय गाडग्यात? नेम म्हंजे नेम. सकाळच्या पारी वाद नगं." दादा पुन्हा तार ओढायला लागला. माझा भाऊ वाईट माणूस नव्हता. जन्मभर त्याच्याबद्दल सगळे हेच म्हणाले, आणि त्याच्या हातून कधी कुणाचं भलं झाल्याचं मला आठवत नाही.

वहिनीनं वाकळीचं दुसरं टोक धरून ठेवलं होतं. ओढत नव्हती, नुसतं धरलं होतं. "आत्याबाई, तिला एकदा आग दिलीया," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा नगा देऊ."

"कापडाला आई म्हणू नगंस," आई म्हणाली. "सोड."

"पोराला कशावर निजवू?"

"आमची पोरं काय उघड्यावर निजली? गोणपाट हाय की ढीगभर."

वहिनीनं टोक सोडलं. एवढी मोठी वाकळ गाडग्यात मावेना, म्हणून आईनं ती परसात नेऊन विळीवर कापली. आडवी कापली, उभी कापली. धावदोरा तटातटा तुटत होता. वहिनी मागोमाग आली होती. म्हणाली, एवढा हिरवा तुकडा तरी द्या, हातरुमालाएवढा. आईनं तो तुकडा उचलला, उलटा केला, बघितला. "ह्येच्यात चांदी न्हाय असं लिवलंय व्हय ह्येच्यावर?" आणि पाटीत टाकला. मग गाडगं भरून, तोंड लिंपून, तिनं काठी माझ्या हातात दिली.

दिवसभर मी बसले. वहिनी आत भाकरी थापत होती, तो आवाज परसात येत होता. आधी धूर पांढरा येतो, मग पिवळा, मग निळसर आणि पातळ, आणि तो बंद झाला की कोळपलं. सुती कापडाचा वास किंतानाहून वेगळा येतो, गोडसर. त्या दिवशी मी काम फार चांगलं केलं. एकदाही ज्वाळ आली नाही. दुपारी वहिनी मला भाकरी घेऊन आली, ताट खाली ठेवलं, आणि गाडग्याकडं न बघता परत गेली. भाकरीबरोबर खर्डा होता आणि दही होतं. मी सगळं खाल्लं.

संध्याकाळी गाडगं निवल्यावर आईनं तोंड फोडलं. किंतानाचा नुसता चुरा झाला होता. वाकळीचे तुकडे मात्र जसेच्या तसे होते. काळे, पण घड्या तशाच, आणि त्यावर धावदोऱ्याच्या ओळी टाक्याटाक्यानं दिसत होत्या. कुठला हिरवा आणि कुठला जांभळा तेवढंच कळत नव्हतं. वहिनीनं वाकून एका तुकड्याला बोट लावलं. त्याचं पीठ झालं. आईनं लोखंडी खल तिच्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "तुझी हाय न्हवं? मग तूच कुट." सातव्या महिन्यातली बाई उकिडवी बसून खलात आपल्या आईची वाकळ कुटत होती, आणि मी परातीत पाणी ओतत होते. मी हे बाहेर कधी सांगितलं असतं तर लोक आईला शिव्या देऊन मोकळे झाले असते. पाणी कोण ओतत होतं हे कुणी विचारलं नसतं.

आईनं वाकळीचा कोळसा वेगळा धुवायला लावला. तिला बघायचंच होतं. चांदी निघाली ती वितळवल्यावर मसुराच्या डाळीएवढी झाली. सगळ्यात वरच्या, माझ्या एका किंतानाचा चुराही तिनं वेगळा धुवून घेतला होता, त्यातली चिंचोक्याएवढी होती. आईनं दोन्ही तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि सगळ्यांना दाखवल्या. "दोन पावसाळं बसलीया झाळीला, खिडकीशी. आन एवढीशी?" तिनं विचारलं. "मग बाकीची गेली कुठं?"

जास्त निघाली असती तर वाकळ कारखान्याची ठरली असती. कमी निघाली तर बाई चोर ठरली. सुटायची वाट कुठंच नव्हती, आणि हे मला त्याच क्षणी कळलं होतं. वहिनी पुन्हा एकदा म्हणाली, "डब्यात घातलीया, आत्याबाई. डब्यात." पण डबा सगळ्यांचा. त्यात कुणाची किती, कसं सांगणार? ह्या वेळी तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबा म्हणाले, "शालन, बस तू झाळीला." मी खिडकीशी जाऊन बसले. नवं कोरं किंतान होतं. फुंकणी तोंडात धरली, वहिनी आत पाणी भरत होती, उजेड चांगला होता, आणि मला बरं वाटलं. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं. मला बरं वाटलं.

बाळंतपणाला चुलता न्यायला आला तेव्हा आईनं वहिनीला परसात उभं केलं. अंगावरचं लुगडं बदलायला लावलं, पेटी उपसून बघितली, मग जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून केस सोडायला सांगितले आणि फणीनं विंचरून घेतले. शेजारच्या दोघी कुंपणावरून बघत होत्या. चुलता तोंड फिरवून उभा होता, पावण्यानं काय बोलायचं. कागदावर चार केस आणि थोडी धूळ पडली. आईनं तीही पुडीत बांधली. वहिनी पाया पडली, आधी आबांच्या, मग आईच्या, आणि मोटारीला गेली. मुलगी झाली. चार महिन्यांनी घेऊन आली, ती चुलत्याच्या जुन्या टॉवेलात गुंडाळून. त्यानंतर वहिनीनं कारखान्यात पाऊल टाकलं नाही. चहासुद्धा उंबऱ्याबाहेर ठेवायची. जी झाळ आबांना माझ्या हातात कधी दिसली नाही, ती तिच्या हातात तशीच पडून राहिली.

सगळे गेले आता. आबा गेले, दादा गेला. आई शेवटची सात वर्षं अंथरुणावर होती आणि तिचं सगळं वहिनीनं केलं. न्हाऊमाखू घालायची, भरवायची, कूस बदलायची. शेवटी शेवटी आई दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी घेत नव्हती. माझा नवरा वारल्यावर मी परत ह्याच घरात आले. मुलीच्या पाठीवर झालेला पुतण्या शिरोलीला फौंड्रीत जातो, पुढच्या खोलीत त्याची मोटरसायकल असते. दुपारी आम्ही दोन म्हाताऱ्या सोप्यात बसून काहीतरी निवडत असतो. ती मला अजून वन्सं म्हणते, अजून तुमी म्हणते.

गेल्या महिन्यात आम्ही लसूण सोलत होतो. मी हे प्रकरण अर्धं लिहून अडले होते, आणि मला वाटलं, आधी हिला सांगावं. डॉक्टरांनी माझ्या छातीचं काय ते सांगितलं होतं, त्याचीही भीती असेल. मी म्हणाले, "वैनी, मी बघितलं हुतं. तू वाकळ झाडायचीस ते. रोज बघितलं हुतं."

तिच्या हातातली पाकळी सोलून झाली. ती वाटीत टाकून तिनं दुसरी घेतली. "ठावं हाय की," म्हणाली.

"कवापास्नं?"

"तवाच. तुमची सावली पडायची परातीवर. म्हणून तर मी दार लावत नव्हतो. म्हणलं, एकजण तरी बघतंय. उद्या काय झालं तर बोलंल."

मी विचारलं, मग त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंस.

"बघितलं की तुमच्याकडं. आनखी कसं घ्यायचं नाव?"

मला काहीतरी बोलायचं होतं, माफ कर असं काहीतरी, आणि ते जुळेना. तेव्हा मी भलतंच बोलले. म्हणाले, आईचं एवढं सात वर्षं केलंस, घाण काढलीस, तुला तिचा राग नाही आला कधी?

"न्हाय आला," वहिनी म्हणाली. "त्यांस्नी खरंच वाटायचं मी चोर हाय म्हणून. मरूस्तवर वाटायचं. त्यांनी काय बघितलं नव्हतं, वन्सं." तिनं सालं गोळा करून सुपात भरली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "तुमी बघितलं हुतं."